चौघींचं दार: सामाईक घरात सुरक्षित कसं राहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षणासाठी पहिल्यांदाच घर सोडून निघालेली एक मुलगी विचारते: "तळमजल्यावरचा फ्लॅट आहे, आम्ही चौघी राहणार. बाकीच्या तिघींना मी ओळखतही नाही. मालक दुसरीकडे राहतात. आईला चोरीची धास्ती आहे, मला रात्री एकटीने राहण्याची. जागा ताब्यात घेताना काय बघू, काय विकत घेऊ आणि कशाची उगाच काळजी करू नको?"

मी बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. त्यानंतर विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जागा तपासून देण्याचं काम करते आहे. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर आलेल्या चोऱ्यांपैकी कुलूप तोडून झालेल्या अगदी थोड्या. बहुतेक वेळा दार उघडं राहिलेलं असायचं, नाहीतर कुणीतरी अदबीने उघडून धरलेलं असायचं.

आपल्या घरी दाराला एक धनी असतो. आई नाहीतर बाबा रात्री उठून कडी बघतात, मगच शेवटचा दिवा जातो. चौघींच्या घरात प्रत्येकीला वाटतं की शेवटी आलेलीने लावलं असेल, आणि शेवटी आलेलीला वाटतं की अजून एक जण यायची आहे. तुझ्या घराला खरा धोका या बेवारस दाराचा आहे, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात ५ एप्रिल १९८६ रोजी जीन क्लेरी ही पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी वसतिगृहातल्या स्वतःच्या खोलीत मारली गेली. तिच्यापर्यंत पोचायला आपोआप बंद होणारी तीन दारं ओलांडावी लागत. त्या रात्री तिन्ही दारांत कुणी ना कुणी खोकी अडकवून ती उघडी ठेवली होती. मारेकरी त्याच विद्यापीठात शिकणारा मुलगा होता. तिच्या आईवडिलांनी पुढे मोठा लढा दिला आणि १९९० मध्ये तिथे कायदा झाला. महाविद्यालयांना आपल्या आवारात घडलेले गुन्हे जाहीर करणं त्याने बंधनकारक केलं. मी नव्या मुलींना ही हकीकत दरवर्षी सांगायचे. घाबरवायचा हेतू नसायचा. ज्यांनी ती खोकी अडकवली त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, मैत्रिणीसाठी किंवा पुन्हा पुन्हा किल्ली काढावी लागू नये म्हणून त्यांनी ती अडकवली असणार, आणि आपणही हेच करतो, एवढं त्यांच्या लक्षात यावं असं वाटायचं.

माझ्या वसतिगृहातही हेच चालायचं. मागच्या दाराच्या चौकटीत, लॅचची जीभ जिथे शिरते त्या खाचेत, वहीच्या पुठ्ठ्याची घडी कोंबलेली सापडायची. मी काढायचे, दुसऱ्या दिवशी नवी घडी. नोटीस लावली, दंड लावला, मुलींना ओरडले. काही उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी मी स्वतः हातात दोन पिशव्या घेऊन त्या दारातून चारदा ये-जा केली. दार आपोआप बंद करणारा वरचा क्लोजर इतका कडक होता की खांद्याने रेटल्याशिवाय दार हलत नव्हतं, आणि किल्ली फिरवायला हात मोकळा राहत नव्हता. सुताराने क्लोजरचा स्क्रू जरासा फिरवला, कुलपात ग्रॅफाइटची पूड सोडली. त्या आठवड्यानंतर पुठ्ठा दिसला नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये कुणी दार उघडं टाकत असेल, तर भांडण्याआधी ते दार त्रास का देतंय ते बघा. लॅच अडकतं, किल्ली एकच आहे, बेल वाजत नाही, कारण बहुधा इतकं साधं असतं. बेल दुरुस्त झाली की दार लागायला लागतं.

दुसरी गोष्ट भिडेची. इमारतीचं दार उघडून तू आत शिरते आहेस आणि मागे कुणीतरी दोन्ही हातांत सामान घेऊन उभं आहे. दार त्याच्या तोंडावर लावणं जिवावर येतं. माणूस सभ्य दिसतो, हसतो, "थँक्यू" म्हणून आत येतो. हा प्रसंग येणारच, म्हणून त्याचं वाक्य आधीच तयार ठेव: "कुणाकडे आलात? त्यांना फोन करून खाली बोलवा ना, इथला नियम आहे." नियमावर ढकललं की आपल्याला वाईटपणा येत नाही आणि खरा पाहुणा रागावत नाही. वीज, इंटरनेट, पाणी यांच्या दुरुस्तीला आलो असं सांगणाऱ्याला हेच लागू. कुणी बोलावलंय, कुठल्या खोलीसाठी, एवढं विचारायचं. मालकाला फोन लागेपर्यंत तो बाहेर थांबेल. ज्याला खरंच काम आहे तो थांबतोच.

आता कुलूप. तुझ्याआधी त्या फ्लॅटमध्ये किती जणी राहून गेल्या आणि कितींनी किल्लीची नक्कल करून घेतली, हे मालकालाही माहीत नसतं. म्हणून ताबा घेताना पहिली मागणी ही कर: बाहेरच्या दाराचं कुलूप किंवा निदान त्याचा सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो आतला भाग, बदलून द्या. सिलिंडर बदलणं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मालक खर्चाला नाही म्हणाले तर चौघींनी वाटून घ्या, पण करून घ्या. नवीन किल्ल्या मोजून घ्या आणि कुणाकडे कुठली ते लिहून ठेवा. एक मालकाकडे राहणार असेल तर तेही लिहा, आणि आधी कळवल्याशिवाय आत यायचं नाही हे करारात घालून घ्या.

दार ओढून घेतल्यावर "खट्" होतं, त्याला बऱ्याच मुली कुलूप समजतात. तो फक्त स्प्रिंगचा लॅच असतो. त्याची जीभ तिरकी असते आणि दाराच्या फटीतून प्लास्टिकचं पातळ कार्ड सरकवून ती पुष्कळदा मागे ढकलता येते. किल्ली फिरवल्यावर जो चौकोनी अडसर बाहेर येतो, तो असा सरकत नाही. दोन मिनिटांसाठी खाली गेलीस तरी किल्ली फिरवायची. आतून मात्र उलटा विचार कर. आतून दार उघडायला किल्ली लागत असेल तर ते कुलूप बदलायला सांग. धुरात, अंधारात, घाबरलेल्या हातांनी किल्ली सापडत नाही. आतून खटका किंवा कडी हवी, हाताने उघडणारी.

खिडक्यांना ग्रिल आहे का, हे तळमजल्यावर सगळे बघतात. मी आणखी दोन गोष्टी बघते. एक, ग्रिलमधून हात घातला तर टेबल किती लांब आहे. चार्जिंगला लावलेले फोन, खिडकीजवळच्या खुर्चीवरची पर्स, दारामागच्या खुंटीवरची किल्ली, अशा वस्तू काठीला तार बांधून ओढून नेल्याचं मी पाहिलं आहे. टेबल समोरच्या भिंतीला लावलंस की हा प्रश्न संपतो. दुसरं, निदान एका खिडकीचं ग्रिल आतून उघडतं का. सगळी ग्रिलं पक्की वेल्ड केलेली आणि दार एकच, असं घर चोरापासून सुरक्षित असतं आणि आगीत पिंजरा होतं. उघडणाऱ्या ग्रिलला कुलूप असेल तर त्याची किल्ली जवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर टांगायची, आणि ती तिथे आहे हे चौघींना ठाऊक हवं.

किल्लीवर पत्ता लिहिलेली पट्टी लावू नकोस. कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या कपाटात किल्ली ठेवू नकोस. या जागा तुला सुचल्या तशा दुसऱ्यालाही सुचतात.

जागा अजून पक्की झाली नसेल तर हेही ऐक. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, किंवा आपल्या विश्वासातल्या माणसाने पाहिल्याशिवाय, एक पैसाही पाठवायचा नाही. "मी सध्या बाहेरगावी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" हे फसवणुकीचं ठरलेलं वाक्य आहे. फोटो फार सुंदर आणि भाडं आसपासच्यापेक्षा फार कमी असेल तर तो फोटोच इंटरनेटच्या फोटो-शोधात टाकून बघ, पुष्कळदा तोच फोटो दुसऱ्याच शहरातल्या जाहिरातीत सापडतो. जागा दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा बघ. रात्री थांब्यापासून दारापर्यंत चालत ये. दिवे कुठे नाहीत, किल्ली काढायला उभी राहशील तिथे उजेड आहे का, हे तेव्हाच कळतं. जमल्यास सोडून जाणाऱ्या मुलीशी मालक समोर नसताना बोल. त्या पाच मिनिटांत जे कळतं ते करारात कुठेच लिहिलेलं नसतं.

आईला चोरीची भीती वाटते आहे. मला विचारशील तर मला आगीची जास्त वाटते. लॅपटॉप गेला तर दुसरा येतो. आणि बहुतेक मुली याच बाबतीत सगळ्यात बेफिकीर असतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

१९ जानेवारी २००० च्या पहाटे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहात आग लागली. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. आधीच्या महिन्यांत तिथला अलार्म इतक्या वेळा खोटा वाजला होता की त्या पहाटेही अनेकांना तो खोटाच वाटला आणि ते अंथरुणातच राहिले. इमारतीत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, नव्हते. त्याच वर्षी त्या राज्याने वसतिगृहांत स्प्रिंकलर बसवणं सक्तीचं केलं. तुझ्या हातात स्प्रिंकलर नाही, पण अलार्म वाजला की उठून बाहेर जाणं आहे. विसाव्यांदा वाजला तरी.

फ्लॅटमध्ये स्मोक अलार्म नसेल तर विकत घ्यायच्या वस्तूंत तो पहिला. बॅटरीवर चालणारा चालेल, छताला, झोपायच्या खोल्यांबाहेरच्या बोळात लावायचा. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहू नये. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं, आणि दहा वर्षांहून जुना असेल तर बदलायचा. फोडणीच्या धुराने सारखा वाजतो म्हणून मुली त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतात किंवा बॅटरी काढून रिमोटमध्ये घालतात. इथेही त्या पुठ्ठ्याचीच गोष्ट आहे. तो गॅसच्या फार जवळ लावलेला असतो. दोन-तीन मीटर लांब हलवा.

स्वयंपाकघरातून उठून जाणं हे विद्यार्थ्यांच्या घरातल्या आगीचं सगळ्यात मोठं कारण. रात्री उशिरा दमून आल्यावर काहीतरी तापत ठेवायचं, पलंगावर जरा पाठ टेकायची, आणि डोळा लागतो. अशा वेळी बसायचं असेल तर ओट्याजवळ खुर्ची ओढून बस. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. ती वाफ जळतं तेल घेऊन छतापर्यंत उसळते. गॅस बंद करायचा, मोठं झाकण बाजूने सरकवत कढईवर ठेवायचं आणि निवेपर्यंत उचलायचं नाही. कढई उचलून बेसिनकडे धावायचं तर मुळीच नाही. आग विझवायचा लहान सिलिंडर दहा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून तो टोपलीएवढ्या आगीसाठी. त्याहून मोठी असेल तर बाहेर पडायचं. बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्यायचं, कुलूप न लावता. साधं लाकडी दारसुद्धा बंद असलं तर धूर आणि ज्वाळा बराच वेळ अडवतं, आणि त्या वेळात माणसं वाचतात. धूर वर साचतो, म्हणून खाली वाकून, गरज पडल्यास रांगत जायचं. लिफ्ट वापरायची नाही. बाहेर आल्यावर चौघींनी कुठे जमायचं ती जागा आजच ठरवा, म्हणजे कुणी आत राहिलं का ते शोधायला परत आत शिरावं लागणार नाही.

विजेचं मी हाताने तपासते. फ्लॅटमध्ये गेले की केटल किंवा इस्त्री लावून पाच मिनिटांनी प्लग काढते आणि पिना न शिवता त्याचं प्लास्टिक चाचपते. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, पिनेभोवती तपकिरी वर्तुळ पडलं असेल, किंवा जळक्या माशासारखा उग्र वास येत असेल तर सॉकेट सैल झालेलं आहे आणि आतलं इन्सुलेशन भाजतं आहे. तो सॉकेट त्या क्षणापासून बंद. मालक इलेक्ट्रिशियन पाठवेपर्यंत त्यावर चिकटपट्टी लावून ठेवायची.

एक्स्टेंशन बोर्डाचं गणित सोपं आहे. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात, त्यांना व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर २,००० वॅटची केटल जवळपास ९ अँपिअर घेते. बोर्डावर ६ अँपिअर लिहिलं असेल तर ती एकटी केटलसुद्धा त्याला जास्त होते, मग तिथेच हीटर लावायचा प्रश्नच येत नाही. लॅपटॉप, दिवा, फोन यांना बोर्ड ठीक. तापवणारी प्रत्येक गोष्ट थेट भिंतीत. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावू नये, वायर गुंडाळलेली किंवा गालिच्याखाली ठेवू नये, उष्णता कोंडते. मीटरजवळच्या पेटीत "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं बटण असलेला मोठा स्विच, म्हणजे आरसीसीबी, आहे का बघ. शॉक लागताना वीज तोडणारा तो हाच, आणि माणसाच्या रक्षणासाठी त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असावं. बटण दाबल्यावर तो खाली पडला पाहिजे. नसेल किंवा पडत नसेल तर मालकाकडून तो करून घेणं ही माझ्या मते कुलपाइतकीच महत्त्वाची मागणी आहे.

फोन आणि पॉवर बँक उशीखाली, गादीवर चार्ज करू नकोस. फुगलेली बॅटरी वापरू नकोस. इलेक्ट्रिक सायकल किंवा स्कूटर कुणाची असेल तर ती बाहेर पडायच्या वाटेत चार्ज होता कामा नये. लिथियमची बॅटरी पेटली की विझवणं फार कठीण असतं, आणि ती दाराशीच पेटली तर वाट बंद.

एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते, ती सांगतेच. एका फ्लॅटमधल्या दोघी मुली आठवडाभर डोकं दुखतं, मळमळतं म्हणून माझ्याकडे येत होत्या. परीक्षेचे दिवस होते, मला वाटलं जागरण. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्यातली एक सहज म्हणाली, "कॉलेजात गेलं की बरं वाटतं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थंडीमुळे त्यांनी बाथरूमचा हवेचा झरोका कापडाने बुजवला होता आणि आत गॅसचा गिझर होता. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस गुंगीत जातो आणि त्याला कळतही नाही. त्या दोघी वाचल्या. घरात डोकं दुखतं आणि बाहेर गेल्यावर थांबतं, एकाच वेळी दोघी-तिघींना दुखतं, ही खूण विसरू नकोस. अशा वेळी खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग डॉक्टर. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवल्याशिवाय ती जागा घेऊ नको, असं मी सांगेन. घरात गॅसवर किंवा कोळशावर जळणारं काहीही असेल तर स्मोक अलार्मबरोबर कार्बन मोनॉक्साइडचाही अलार्म घे. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही.

आता बरोबर राहणाऱ्या तिघी. कुलपं, अलार्म दोन दिवसांत होतात, एकमेकींची घडी बसायला वेळ जातो. पहिल्याच संध्याकाळी, सामान लावायच्या आधी, चौघींनी एकत्र बसा. नंतर बोलायचं म्हटलं की तोवर कुणाचं तरी काहीतरी खटकलेलं असतं आणि नियम हा टोमणा वाटतो. पहिल्या दिवशी तो कुणालाच लागत नाही. बोलायचं एवढंच: रात्री शेवटची कोण हे कसं कळणार (आमच्या मुलींनी दाराजवळ चार नावांची पाटी लावली होती, आत आलं की आपलं नाव उलटवायचं, शेवटचं नाव उलटवणारी कडी लावणार). पाहुणे किती वाजेपर्यंत आणि मुक्कामाला कुणी येणार असेल तर किती आधी सांगायचं. किल्लीची नक्कल कुणालाही, मित्रालाही, चौघींना विचारल्याशिवाय द्यायची नाही. आणि ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर एक मेसेज.

घरातून पैसे किंवा वस्तू गेली तर लगेच कुणावर आळ घेऊ नकोस. मी अशी भांडणं पाहिली आहेत जिथे वस्तू चार दिवसांनी गादीखाली सापडली आणि मैत्री मात्र गेली ती गेली. प्रत्येकीच्या खोलीला स्वतःचं कुलूप आणि मौल्यवान वस्तूंसाठी एक बंद पेटी असली की संशयाला जागाच उरत नाही. औषधंही त्याच पेटीत.

त्रास घरातल्याच कुणाकडून, किंवा मालकाकडून, येत असेल तर तो सोसत राहायचा नाही. वेळी-अवेळी दार वाजवणं, न सांगता आत येणं, नको तसं बोलणं, प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहून ठेव. उत्तर मेसेजवरच दे, म्हणजे नोंद राहते. महाविद्यालयात विद्यार्थी कल्याणाचं काम बघणारं कुणीतरी असतं, त्यांना लवकर सांग. मुली फार उशिरा येतात. "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला" म्हणत थांबलेल्या मुली मी इतक्या पाहिल्या आहेत की हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढून बसते. आणि एखादी मैत्रीण दोन-तीन दिवस खोलीबाहेर येत नसेल, जेवत नसेल, तर तिचं दार वाजवणं हेही चौघींच्याच सुरक्षिततेचं काम आहे.

रात्री एकटी असण्याची तुझी भीती मी हसण्यावारी नेणार नाही. थोडी भीती कामाची असते. बेल वाजली तर आधी भिंगातून बघायचं, भिंग नसेल तर बसवून घे. दार न उघडता बोलायचं आणि "एकटीच आहे" हे कधीच सांगायचं नाही. "ताई, बघ गं कोण आलंय" असं आत वळून म्हणणं पुरतं. ताबा घेशील त्याच आठवड्यात वरच्या किंवा समोरच्या घरात एक तरी ओळख करून घे आणि त्यांचा नंबर घे. पोलीस पोचायला वेळ लागतो, शेजारी लगेच पोचतो. तिथला आणीबाणीचा क्रमांक फोनमध्ये वर ठेव आणि पूर्ण पत्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. घाबरल्यावर स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी चांगल्या धीट मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. बाहेरून आलीस आणि दार किलकिलं दिसलं, कुलूप तुटलेलं दिसलं, तर आत पाऊल टाकायचं नाही, हाकही मारायची नाही. मागे फिर, शेजाऱ्यांकडे जा आणि तिथून फोन कर.

फोन-इंटरनेटचं थोडक्यात. वायफायच्या डब्याचा मूळ पासवर्ड आधीच्या भाडेकरूंकडे आहे, तो बदला. डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. फोनवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो, तो आणि लॅपटॉपचा सीरियल क्रमांक आईकडे लिहून ठेव. तक्रार करताना तो लागतो. खोलीच्या खिडकीतून दिसणारं दृश्य, इमारतीचं नाव, "दोन दिवस घरात एकटी" असलं काही फोटोबरोबर टाकू नकोस. पार्सलवरचं नाव-नंबर फाडून मगच खोकं टाकायचं. ताबा घेतल्यावर पलंग आणि बाथरूमकडे तोंड असलेली, कुणाचाच नसलेला चार्जरचा ठोकळा, घड्याळ किंवा अलार्म दिसला तर त्यात लपवलेला कॅमेरा असू शकतो. अंधार करून टॉर्च मारून बघ, कॅमेऱ्याच्या भिंगावरून बारीक ठिपका चमकतो. संशय आला तर त्याला हात न लावता फोटो काढ आणि पोलिसांना कळव.

विकत काय घ्यायचं? अलार्म, टॉर्च, तेलाच्या आगीवर टाकायचं फायर ब्लँकेट, बंद पेटी आणि आपल्या खोलीला चांगलं कुलूप. एवढंच. महागडे कॅमेरे घेऊ नकोस. सामाईक घरात ते तिघींच्या संमतीशिवाय लावता येत नाहीत आणि संमती मागण्यातच मनं दुखावतात. मिरीचा फवारा काही देशांत बेकायदा आहे, घेण्याआधी तिथला नियम बघ. दाराखाली आतून सरकवायची रबरी पाचर पुष्कळ जणी सुचवतात. मी झोपताना ती वापरू देत नाही. आग लागली तर बाहेरून मदतीला आलेल्यांनाही ती अडवते. सामानाचा विमा घरच्या विम्यात येतो का ते वडिलांना विचारून ठेव.

सुट्टीत चौघी एकदम निघाल्या तर लॅपटॉप बरोबर न्या, गॅसची मुख्य चावी बंद करा, प्लग काढा आणि ओळख झालेल्या शेजाऱ्यांना परतायची तारीख सांगा. दारावर चिठ्ठी नको.

आणि आईसाठी. तिला तिघींची नावं, त्यांच्या घरचे नंबर, मालकाचा आणि शेजाऱ्यांचा नंबर एका कागदावर लिहून दे. रोज फोन करायचं वचन देऊ नकोस, ते मोडतं आणि मोडलं की ती घाबरते. एक वेळ ठरवा, समजा एक दिवसाआड रात्री नऊ. तू नऊला उचलला नाहीस तर तिने दहापर्यंत थांबायचं, मग तिघींपैकी एकीला, मग शेजाऱ्यांना. हा क्रम तिच्यासमोर बसून एकदा म्हणून बघ, आणि जायच्या आधी त्यातला प्रत्येक नंबर तिच्या फोनवरून एकदा लावून बघ.